सौदा ठरविण्यापूर्वी नोंदणी तपासा!

दसरा-पाडवा जवळ आला, की बीड शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला नवे फलक झळकू लागतात. ‘मोक्याची जागा’, ‘हप्त्यांची सोय’, ‘महामार्गालगत एन. ए. प्लॉट’ अशी त्यांची भाषा असते. धुळे-सोलापूर महामार्गालगतचे शेत असो, अंबाजोगाईच्या बाहेरचा माळ असो वा माजलगावच्या वेशीजवळची पट्टी असो, जमिनीचे तुकडे पाडून विकण्याचा व्यवसाय जिल्ह्यात ठिकठिकाणी दिसतो. विकत घेणाराही ठरलेला असतो. कोणी सेवानिवृत्त शिक्षक भविष्य निर्वाह निधीची रक्कम घेऊन येतो, कोणी पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावाकडे आई-वडिलांसाठी जागा पाहतो, तर कोणी ऊसतोडीच्या अनेक हंगामांतून साठविलेल्या पैशांवर आपले पहिले हक्काचे छप्पर उभारू पाहतो. अशा माणसाची ठेव एकदा बुडाली, की ती पुन्हा उभी राहण्यास अर्धे आयुष्य लागते.

या ग्राहकाच्या हाती आज एक साधन आहे. ते फुकट आहे आणि घरबसल्या मिळते. तरीही त्याचा वापर फारच थोडे लोक करतात. हे साधन म्हणजे प्रकल्प, विकासक आणि मध्यस्थ यांच्या नोंदणीची सार्वजनिक माहिती होय. ती कोठे सापडते, कशी वाचावी आणि तिच्यावर किती विसंबावे, याचा हा तपशीलवार परिचय.

दलालाला परवाना कधीपासून?

महाराष्ट्रात सदनिकांच्या खरेदी-विक्रीसाठी १९६३ पासून ‘मोफा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा होता. विकासकाने काय करावे, हे त्यात होते. परंतु मध्यस्थाने नोंदणी करावी, असे बंधन त्यात नव्हते. ज्याच्याजवळ दूरध्वनी आणि चार ओळखी, तो दलाल, अशीच स्थिती दीर्घकाळ राहिली. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र गृहनिर्माण नियमन कायदा केला व त्यास २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. मात्र पुढे केंद्रीय कायद्याने तो रद्द ठरविला.

हा केंद्रीय कायदा म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६. संसदेने तो मार्च २०१६ मध्ये संमत केला. त्याची काही कलमे १ मे २०१६ रोजी आणि उर्वरित कलमे १ मे २०१७ रोजी अमलात आली. महाराष्ट्रात त्याच सुमारास ‘महारेरा’ या नियामक प्राधिकरणाचे काम सुरू झाले. विकासकांनी या कायद्यास न्यायालयात आव्हान दिले होते. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कायद्याची वैधता मान्य केली. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२१ मधील निकालात, कायदा लागू होताना अपूर्ण असलेल्या प्रकल्पांनाही तो लागू होतो, यावर शिक्कामोर्तब केले.

या कायद्याचे कलम ३ प्रकल्पाच्या नोंदणीविषयी, तर कलम ९ मध्यस्थाच्या नोंदणीविषयी आहे. ग्राहकाच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे म्हणजे कलम ३४. नोंदणीकृत प्रकल्पांचा आणि मध्यस्थांचा तपशील संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे, तसेच ज्यांची नोंदणी फेटाळली वा रद्द झाली त्यांची नावेही तेथे देणे, हे या कलमाने प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणजेच ही माहिती पाहणे हा आपला हक्क असून, त्यासाठी कोणाच्या ओळखीची वा अर्जाची गरज नाही.

पाच गुंठ्यांचे गणित

मोठ्या शहरांत ‘रेरा’ म्हटले, की सदनिकांचे मनोरे डोळ्यांपुढे येतात. बीडसारख्या जिल्ह्यात मात्र अनेकांची पहिली खरेदी भूखंडाची असते. त्यामुळे ‘हे सारे फ्लॅटवाल्यांसाठी, प्लॉटला रेरा लागत नाही,’ असे ग्राहकास सर्रास सांगितले जाते. हे खरे नव्हे. जमिनीचे भूखंड पाडून ते विकणारा, मग त्यावर तो एक वीटही रचत नसला तरी, कायद्याच्या व्याख्येनुसार प्रवर्तकच ठरतो.

नोंदणीतून सूट कोणाला? ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही, किंवा ज्यात सर्व टप्पे मिळून आठपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्यास. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. याचा अर्थ, भूखंडांचे रेखांकन पाच गुंठ्यांचे झाले, की ही मर्यादा ओलांडली जाते. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात मर्यादेच्या आठपट क्षेत्र! तेव्हा एकर-दोन एकर शेताचे भूखंड पाडून विकणाऱ्याने ‘आम्हाला नोंदणी लागत नाही’ असे म्हटले, तर त्याचे कारण लेखी मागावे.

येथे एक कायदेशीर बारकावा लक्षात ठेवावा. कलम ३ हे ‘नियोजन क्षेत्रा’तील प्रकल्पांविषयी बोलते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई व धारूर येथे नगर परिषदा आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी व केज येथे नगर पंचायती आहेत. हद्दीबाहेरच्या खेड्यातील जमीन असेल, तर ती नियोजन क्षेत्रात येते की नाही, याची विचारणा नगररचना कार्यालयात करावी. उत्तर काहीही आले, तरी मंजूर रेखांकनाची गरज त्यामुळे संपत नाही.

शोध कसा घ्यावा?

‘महारेरा’चे संकेतस्थळ महारेरा डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर आहे. तेथे नोंदणीकृत प्रकल्प आणि नोंदणीकृत एजंट असे दोन स्वतंत्र शोध आहेत. नावाने, नोंदणी क्रमांकाने किंवा जिल्ह्यानुसार शोध घेता येतो. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात मोडतो. २०२३ पूर्वीच्या कागदांत हाच विभाग औरंगाबाद या नावाने आढळेल.

नावाने शोधताना बहुतेकांची फसगत होते ती रोमन लिपीतील स्पेलिंगमुळे. बीडचेच नाव कोठे दोन ‘ई’ घालून, तर कोठे एक ‘आय’ घालून लिहिलेले असते. अंबाजोगाई आणि अंबेजोगाई, गेवराई आणि जॉर्जच्या धर्तीवर लिहिलेले जुने ‘जिओराई’, केज आणि कैज अशी जोडनावे कागदोपत्री सापडतात. विकासकाचे आडनाव तर तीन-तीन प्रकारे लिहिले जाते. म्हणून एकदा नाव टाकून ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर आले, तरी तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. नावाची पहिली तीन-चार अक्षरेच टाकून पाहावीत, अथवा केवळ जिल्हा निवडून सगळी यादी डोळ्यांखालून घालावी. पुण्या-मुंबईच्या मानाने बीडची यादी लहान असल्याने हे काम फार वेळ घेत नाही.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे नोंदणी क्रमांक. जुन्या पद्धतीच्या प्रकल्प क्रमांकात आरंभी ‘पी’ हे अक्षर व पुढे ११ आकडे असतात; मध्यस्थाच्या क्रमांकाचा आरंभ ‘ए’ या अक्षराने होतो. अक्षरानंतरचे पहिले तीन आकडे जिल्हा दर्शवितात. हे आकडे २०११ च्या जनगणनेतील जिल्हा संकेतांक होत. पुण्याचा ५२१, मुंबई उपनगराचा ५१८, तर बीडचा ५२३. तेव्हा बीडमधील प्रकल्प म्हणून दाखविलेल्या पत्रकावर जुन्या पद्धतीचा, पण ५२१ ने सुरू होणारा क्रमांक छापला असेल, तर तो क्रमांक दुसऱ्याच जिल्ह्यातील दुसऱ्याच प्रकल्पाचा असण्याची शंका घ्यावी. नव्या संगणक प्रणालीत क्रमांकांची मांडणी बदलली आहे. त्यामुळे क्रमांक निराळा दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही. तो संकेतस्थळावर टाकून पाहणे, हीच खरी कसोटी.

१ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही बंधनकारक करण्यात आले. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने तो टिपला, की प्रकल्पाची नोंद समोर येते. मात्र उघडलेले पान शासकीय संकेतस्थळाचेच आहे ना, हे वरच्या पत्त्यावरून पाहून घ्यावे.

मध्यस्थाची नोंद वाचताना

मध्यस्थाच्या नोंदीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नोंदणी कोणाच्या नावे आहे. संस्थेच्या नावावरील नोंदणी ही तिच्या दारात बसणाऱ्या प्रत्येकाची वैयक्तिक नोंदणी नव्हे. दुसरी, मुदत. महाराष्ट्रात ही नोंदणी पाच वर्षांची असते. २०१७ मध्ये मिळालेले प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत टांगलेले असले, तरी नूतनीकरणाशिवाय ते आज कागदाचा तुकडाच आहे. तिसरी, सद्यःस्थिती, म्हणजे नोंदणी चालू, स्थगित की रद्द.

ही तिसरी बाब औपचारिक नाही. ‘महारेरा’ने जानेवारी २०२३ मध्ये मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा अनिवार्य केली. त्याची पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्राशिवाय नवी नोंदणी वा नूतनीकरण बंद झाले. ज्यांनी हे प्रमाणपत्र मिळविले नाही, अशा राज्यभरातील सुमारे २० हजार मध्यस्थांची नोंदणी मे २०२४ मध्ये स्थगित करण्यात आली. म्हणजे कधीकाळी क्रमांक मिळालेले हजारो लोक एका आदेशाने यादीबाहेर गेले. त्यांची छापील ओळखपत्रे मात्र खिशातच राहिली. म्हणून ओळखपत्रावर विसंबू नये. नोंद त्याच दिवशी पाहावी.

नोंदणीकृत मध्यस्थावर कायद्याने काही बंधने घातली आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्री त्याने घडवून आणू नये. प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी क्रमांक नमूद करावा. हिशेबाची पुस्तके ठेवावीत. आणि नोंदणी करतेवेळी ग्राहकास मिळावयाची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून द्यावीत. याचा भंग केल्यास दररोज १० हजार रुपये, आणि एकूण व्यवहाराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तथापि एक मर्यादा ध्यानात घ्यावी. मध्यस्थाच्या नोंदणीची सक्ती ही नोंदणीपात्र प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. जुने घर, एखाद्याचा सुटा भूखंड किंवा शेतजमीन यांचा सौदा जमविणाऱ्यास ही सक्ती नाही. तेव्हा शेतजमिनीच्या व्यवहारातील मध्यस्थाचे नाव यादीत नसेल, तर तो गुन्हेगार ठरत नाही; उलट, यादीत असलेला मध्यस्थ शेतजमीन विकत असेल, तर त्याच्या नोंदणीचे संरक्षण त्या व्यवहारास मिळतेच असेही नाही.

प्रकल्पाच्या नोंदीत दडलेले

प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, वकिलाचा मालकीहक्क अहवाल, जमिनीवरील बोजे, दावे आणि पूर्णत्वाची तारीख असते. प्रारंभीची तारीख आणि सुधारित तारीख या दोन्ही ताडून पाहाव्यात. मुदतवाढ किती वेळा घेतली, ते त्यावरून कळते. विकासकाने दर तीन महिन्यांनी विकलेल्या व शिल्लक सदनिका वा भूखंडांची, तसेच कामाच्या प्रगतीची माहिती अद्ययावत करावयाची असते. ‘दोनच प्लॉट उरले आहेत’ असे सांगून घाई करणाऱ्याच्या शब्दाची परीक्षा येथे होते. तिमाही अहवाल अनेक महिने भरलेलाच नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवून ती जमीन व बांधकाम यांवरच खर्च करणे विकासकावर बंधनकारक आहे. आपला धनादेश कोणत्या खात्यात जातो, हे नोंदीतील खात्याशी जुळवून पाहावे. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. साध्या चिठ्ठीवर अर्धी रक्कम रोखीने मागणारा माणूस या एकाच प्रश्नाने उघडा पडतो.

नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे

एवढे सांगितल्यावर सर्वांत महत्त्वाचा इशारा. ‘महारेरा’ची नोंदणी म्हणजे जमीन निर्वेध असल्याचा दाखला नव्हे. विकासकाने दिलेली कागदपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे यांवर ती उभी असते. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण याचा दाहक पुरावा आहे. बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे त्यांना नोंदणी क्रमांक मिळाल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. क्रमांक पाहून घर घेतलेल्या कुटुंबांवर डोक्यावरचे छप्पर जाण्याची वेळ आली. त्यांनी नोंदणी तपासली नव्हती असे नाही. नोंदणीपाशीच ते थांबले होते.

बीडमध्ये तर या इशाऱ्याचे वजन दुप्पट आहे. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राजवटीतील इनाम जमिनींचा वारसा येथे मोठा आहे. मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी, व्यक्तींना उपजीविकेसाठी दिलेल्या मदतमाश जमिनी, देवस्थान इनाम, वक्फ मालमत्ता अशा अनेक प्रकारांच्या नोंदी महसुली दप्तरात आहेत. अशा जमिनींच्या हस्तांतरणावर कायद्याचे निर्बंध असतात. बीड जिल्ह्यात देवस्थान व वक्फ जमिनींच्या कथित बेकायदा हस्तांतरणाची प्रकरणे अलीकडच्या वर्षांत पोलिसांपर्यंत गेली आहेत. म्हणून केवळ चालू सातबारावर समाधान मानू नये. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे, आणि जुने फेरफार काय सांगतात, हे पाहिलेच पाहिजे. हैदराबाद राज्याच्या काळातील खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जाऊन तपासणी करण्याचा जाणत्या वकिलांचा प्रघात याच कारणाने आहे.

म्हणजेच ‘महारेरा’ची माहिती इतर चार नोंदींशी ताडून पाहावी. ‘भूलेख’ संकेतस्थळावरील सातबारा वा मिळकत पत्रिकेत जमिनीचा गट क्रमांक व मालकाचे नाव तेच आहे काय? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’ सुविधेत मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनमध्ये हाच भूखंड आधी कोणाला विकला गेला आहे काय? ‘ई-कोर्ट’वर मालकाच्या वा विकासकाच्या नावे दिवाणी दावा दिसतो काय? आणि नगर परिषदेच्या किंवा नगररचना कार्यालयाच्या दप्तरात रेखांकनाचा मंजुरी क्रमांक व दिनांक जुळतो काय? शेवटचा प्रश्न प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन वा माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करून विचारता येतो. या पाचही ठिकाणी एकच गट क्रमांक आणि एकच नाव दिसले, तरच पुढचे पाऊल टाकावे.

बॉण्डपेपरवर किंवा नोटरीसमोर झालेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांविषयी वेगळी खबरदारी हवी. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासांना नियमित होण्याची संधी मिळाली. परंतु ‘पुढे नियमित होईल’ हे आश्वासन आणि नियमित झाल्याचे प्रमाणपत्र यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तुकडेबंदीचे नियमही अलीकडे वारंवार बदलत आले आहेत. करारापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दिवशीची स्थिती विचारून घ्यावी.

फसगत झालीच तर

ताबा मुदतीत न मिळाल्यास व्याजासह रक्कम परत मागण्याचा हक्क कलम १८ ने दिला आहे. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या निधीच्या सीमांत खर्चावर आधारित सर्वोच्च कर्जदरापेक्षा दोन टक्के अधिक असते. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीनेही होत असल्याने बीडच्या ग्राहकाला प्रत्येक तारखेस मुंबई गाठावी लागत नाही. निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आदेश होऊनही विकासकाने रक्कम दिली नाही, तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते व ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते.

येथेही संकेतस्थळावरील माहिती उपयोगी पडते. विकासकाच्या नावाने पूर्वीच्या तक्रारी आणि त्यांवरील आदेश पाहता येतात. आदेश न मानणारा विकासक नव्या नावाने नवा प्रकल्प काढतो, तेव्हा भागीदार वा संचालक म्हणून त्याचेच नाव अनेकदा पुन्हा येते. म्हणून संस्थेबरोबर माणसांची नावेही शोधावीत.

प्रकल्पच नोंदणीकृत नसेल तर? अशा प्रकल्पाविरुद्धही ‘महारेरा’कडे दाद मागता येते; नोंदणी टाळणाऱ्या प्रवर्तकास प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र दंड शासनाकडे जमा होतो. ग्राहकाचे पैसे परत येण्यासाठी त्याच्याकडे पावत्या आणि करार असावे लागतात. रोखीने आणि तोंडी झालेल्या व्यवहारापुढे चांगला कायदाही हतबल ठरतो.

ही सारी तपासणी एका संध्याकाळी होण्याजोगी आहे. कागदपत्रांच्या छायाप्रती आणि संकेतस्थळावरील पानांच्या तारखेसह काढलेल्या प्रती एका फायलीत ठेवाव्यात आणि मगच वकिलाकडे जावे. मुहूर्त साडेतीनच असतात खरे. पण एक पाडवा चुकला, तर पुढचा दसरा येतोच. गेलेली ठेव मात्र सहसा परत येत नाही.